विषाचा थेंब

"विष घालून पाहिलंस का?" सरांनी पुन्हा विचारलं. हाच प्रश्न शलाका महिनाभर टाळत आली होती.

इवल्याशा इलेक्ट्रोडवर तिनं जिवाणूंचं श्वसनाचं एन्झाइम बसवलं होतं. ऑक्सिजन दिला की वीज वाहायची. त्या विजेवरच तिची पीएचडी उभी होती. पण वीज एन्झाइमची की नुसत्या इलेक्ट्रोडची? श्वास कोंडणाऱ्या विषानं ती थांबली, तरच एन्झाइमची. नाहीतर सगळं मुसळ केरात.

तिनं थेंब सोडला. पडद्यावरची विजेची रेघ ढिम्म हलेना. सर चष्मा काढून उगाच पुसू लागले.

मग रेघ कलली, घसरली आणि शून्यावर टेकली.

"मेलं, सर! एन्झाइम मेलं!" शलाका आनंदानं ओरडली.

सरांनी चष्मा चढवला. "म्हणजे इतके दिवस जिवंत होतं तर!"