अकाउंटिंगची शेवटची सीट

"पुन्हा अकाउंटिंगचं नाव काढलं तं इथंच थोबाड फोडीन!"

वर्ध्यातल्या त्या कॉलेजच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या माना वळल्या. अंकिताच्या मागच्या बाकावर बापलेक बसले होते. बाप बंडूजी, पोरगा सचिन. बापाच्या खांद्यावर दुपट्टा आणि आवाज असा, की चार वावरं ओलांडून जावा.

मघाशी हाच माणूस किती गोड बोलला होता! कोणतं गाव, कितवा नंबर, कोणता विषय, सगळं आपुलकीनं विचारलं. अंकितानंही सांगितलं, "हिंगणी. नंबर तुमच्या मुलाच्या आधीचा. अकाउंटिंग." आणि पाच मिनिटांत त्याची पोराशी जुंपली.

बी.कॉम. प्रवेशाची ही शेवटची फेरी. यादीप्रमाणे एकेकाला आत बोलवत होते. मेजर विषय अकाउंटिंग की फायनान्स, ते आत सांगायचं, पालकानं सही करायची, झालं. फळ्यावर उरलेल्या जागा खडूनं लिहिल्या होत्या: अकाउंटिंग एक, फायनान्स सात.

पुढचाच नंबर असल्यानं अंकिता निवांत होती. सेलूच्या एका सीए साहेबांकडे तिनं उन्हाळाभर काम केलं होतं. त्यांनी साफ सांगितलं होतं, "अकाउंटिंग घे, तीन वर्षं नोकरी देतो. फायनान्सवालीचं माझ्याकडे काम नाही." त्या नोकरीच्या शब्दावरच तिचे वडील, रूपरावजी, कॉलेजला राजी झाले होते. नाहीतर दिवाळीनंतर तिला उजवून मोकळं व्हायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

"काऊन नाई घ्यायचं?" मागून सचिन म्हणाला.

"तुह्या मामाच्या कैलासनं घेतलं होतं ना? फर्स्ट क्लास! अन् आता? जाम गावच्या धाब्यावर टेबल पुसून राह्यला! सारं कॉम्प्युटर करते आता. माणूस कोण ठेवते बे?"

"नोकरी नाई लागली तं नाई लागली. मले तेच पायजे."

फाडकन आवाज झाला. पोराच्या गालावर पाची बोटं उमटली. सचिन खाली मान घालून हुंदके देऊ लागला.

अंकिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाप आहे की कसाई? ती उठणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या रूपरावजींनी तिला मनगट धरून खाली बसवलं.

"अंकिता, ह्या अकाउंटिंगचं काही खरं दिसून नाई राह्यलं."

"बाबा! त्या माणसाचं काय ऐकता?"

"पोटच्या पोराले चार लोकांत उगाच कोणी मारते का? काही तरी खोट असंन." रूपरावजी तिच्याकडे सरकले. "परसाल बैलबाजारात गेलतो. पांढरी जोडी पसंत पडली, पैसे काढायचे तेवढे बाकी. तेवढ्यात बाजूले दोन दलाल भांडाले उठले. उन्हापायी तोंडाले दुपट्टे बांधलेले, डोळे तेवढे उघडे. एक म्हणे, लाखाची जोडी. दुसरा म्हणे, रोगट जनावर गरिबाच्या गळ्यात मारतं का? लय शिव्या देल्या एकमेकाले. मी गुमान निघून आलो. वाचलो का नाई?"

"बैलाचं अन् कॉलेजचं काय घेऊन बसले तुम्ही?"

"मले अक्कल शिकवू नको."

"साहेबांनी शब्द देला आहे मले."

"अन् फिरला तुहा साहेब, मंग? तू बी धाब्यावर टेबल पुसशील?"

आतून मॅडमनी तिचं नाव पुकारलं.

"मेजर?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"अकाउंटिंग."

मॅडमनी फॉर्म रूपरावजींपुढे सरकवला. त्यांनी पेन टेबलावर ठेवून दिलं. "फायनान्स लिहा. नाईतर मी सही करून नाई राह्यलो."

"बाबा, पाया पडते तुमच्या. माही नोकरी जाईन."

"फायनान्स. नाईतर उठ, घरी चाल."

"अहो, लवकर ठरवा," मॅडम वैतागल्या. "मागे लोक खोळंबलेत."

अंकितानं फायनान्स लिहिलं. रूपरावजींनी ताबडतोब सही ठोकली. तिला त्या क्षणी बापाचं तोंडही बघावंसं वाटेना.

दारात बंडूजी आणि सचिन आत शिरत होते. बंडूजीनं रूपरावजींना अदबीनं हात जोडले. पोराचा गाल अजून लाल होता. त्याचंही आपल्यासारखंच होणार, या विचारानं अंकिताला भरून आलं.

गेटपाशी आल्यावर आठवलं, मार्कशीट टेबलावरच राहिली. रूपरावजींना एसटी बघायला सांगून ती एकटीच परत फिरली. दार अर्धवट उघडं होतं.

"अकाउंटिंग," सचिन आत सांगत होता.

आता हा माणूस पुन्हा हात उगारणार. पण बंडूजीनं मुकाट्यानं पेन उचललं आणि सही केली.

"नशीब काढलंस रे," मॅडम म्हणाल्या. "शेवटचीच सीट होती."

बापलेक बाहेर आले. अंकिता दाराआड होती, त्यांना दिसली नाही. बंडूजीनं दुपट्ट्यानं पोराचे डोळे पुसले, गालावरून हात फिरवला.

"जोरात लागली काय रे? त्या हिंगणीवाल्याले परसाल बैलजोडीवरून तं मी निस्त्या शिव्यांतच पळवला होता."