मथुराबाईंचा डावा हात

अंडं फुटलं नाही.

मथुराबाईंनी ते टोपलीतून उचललं, वाटीत ठेवलं आणि नव्या हाताची बोटं सावकाश उघडली. टेबलापलीकडं बसलेल्या समितीनं श्वास सोडला. सकाळच्या सरावात सात अंडी फुटली होती. संशोधक कृष्णराजनं ती अहवालात धरली नव्हती, समितीच्या नाष्ट्यात धरली होती.

कृष्णराज ढोकीचा. उसाच्या चिपाडात खेळून मोठा झाला आणि पुढं त्याच चिपाडाचा धागा काढून त्यानं हा हात घडवला. वजनाला हलका, पाण्यानं न फुगणारा. कोपराखाली उरलेला स्नायू आवळला की हाताची बोटं मिटत, सैल सोडला की उघडत. चार वर्षांचं काम होतं. जिल्ह्यातल्या बारा जणांना असे हात बसवले होते आणि चार महिन्यांत अकरा परत आले होते. एकाला आत घाम यायचा. एकाच्या गावात बॅटरी चार्ज करायच्या वेळी वीज नसायची. एकानं तो शेतातल्या बुजगावण्याला लावला. तिथं तो उत्तम चालला, पण तसा रकाना कागदावर नव्हता.

उरल्या मथुराबाई. सोनारीच्या. आठ वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात त्यांचा डावा हात कोपराखालून गेला होता. त्यांनी हा हात ठेवून घेतला, तर आणखी शंभर हात तयार होणार होते. त्यांनीही परत दिला, तर फाईल बंद. समितीच्या प्रमुख डॉक्टर उमादेवी तसं सकाळीच सांगून बसल्या होत्या. धाराशिवच्या त्या हॉलमध्ये हे मथुराबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं.

चाचण्या यादीप्रमाणं झाल्या. कुलूप उघडलं. पेला धरला. सदऱ्याचं बटण लावलं. यादी बाहेरच्या देशातून आली होती, म्हणून काट्या-चमच्यानं खाऊनही दाखवायचं होतं. चांगल्या दोन हातांनीही आपण ते कधी केलं नाही, असं मथुराबाईंनी सांगितलं. त्याला अर्धा गुण मिळाला. शेजारी त्यांची सून सोनाली बसली होती. आत्या ह्या हातानं पीठ मळताना परात धरतात, शेळीचं दावं धरतात, असं तिनं सांगितलं. ते यादीत नव्हतं. त्याला काही मिळालं नाही.

मग उमादेवींनी शेवटचा प्रश्न विचारला. हात कायमचा वापरणार ना?

"न्हाय," मथुराबाई म्हणाल्या.

कृष्णराजचा पेन थांबला. बोचतो का, जड होतो का, चटका बसतो का, त्यानं एकेक करून विचारलं. मथुराबाईंनी प्रत्येक वेळी मान हलवली. हात लई गुणाचा होता. फक्त त्याचा अंगठा आत पडत नव्हता. असं म्हणून त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत डझनभर हिरव्या बांगड्या होत्या.

कासाराला दोनदा दाखवून झालं होतं. कासार हात दाबतो, अंगठा तळव्यात घेतो, तेव्हा कुठं बांगडी मनगटात उतरते. ह्या हाताचा अंगठा ताठच राहायचा. मागून चढवावी म्हटलं, तर कोपराखालचा साचा बांगडीहून रुंद.

समितीतल्या एका सदस्यांनी समजावलं की हा सौंदर्याचा भाग झाला, तो पुढच्या टप्प्यात घेता येईल. मथुराबाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि हाताचा पट्टा सोडायला सुरुवात केली.

"थांबा, मावशी," कृष्णराज म्हणाला.

त्यानं आपल्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्यांच्यापुढं जमिनीवर बसला. अंगठ्याच्या बुडाशी दोन स्क्रू होते. ते त्यानं सैल केले. अंगठा तळव्यात पडला. एवढंच करायचं होतं, पण चार वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. यादी करणाऱ्यांपैकी कुणी कधी कासारापुढं हात केला नव्हता.

पहिली बांगडी बोटांवरून सरकली, बोटांच्या पेरांशी क्षणभर अडली आणि मनगटात उतरली. मथुराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरी उचलली. तेवढ्यात सोनालीनं त्यांचा उजवा हात धरला. ती दबक्या आवाजात बोलली, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"आत्या, असं काय करता? मामा जाऊन सहा वर्सं झाली. गावात काय त्वांड दाखवायचं?"

मामा म्हणजे सोनालीचे सासरे, लिंबाजी. उमादेवींनी समोरचा कागद पुन्हा पाहिला. चार महिने सगळे ह्या बाईच्या हातांकडंच बघत होते. उजवं मनगटही उघडं आहे, हे कुणी पाहिलं नव्हतं. कृष्णराज स्क्रू ड्रायव्हर हातात धरून खाली मान घालून बसला.

मथुराबाईंनी सुनेचा हात हलकेच बाजूला केला. आवाज चढवला नाही.

"कुट्टीत हात गेला, तवा चुडा भरलेला हुता त्यात, पोरी. मालकांनी तो तसाच बांधाला पुरला, बांगड्यांसकट. म्होरं दोन वर्सांनी मालक गेले. बाया आल्या, त्यांनी ह्या उजव्यातल्या फोडल्या."

त्यांनी दुसरी बांगडी नव्या बोटांवर चढवली आणि अलगद मागं सारली.

"डाव्याला कुणी सांगितलंय, ते गेले म्हणून?"