मुंग्या लागलेली वाटी

उल्कानं परवा टिपणीसकाकूंच्या दाराशी ठेवलेली आमटीची वाटी अजून तिथेच होती, मुंग्या लागलेली. इमारतीच्या 'शेजार' ॲपवर मात्र काकूंचा निरोप झळकत होता, "आमटी फक्कड झाली गं. वाटी रिकामी नाही देणार, लाडू होऊ देत."

उल्कानं दार ठोठावलं, तर आतून नुसता कुजका वास आला. घाईघाईनं तिनं ॲपवर सगळ्यांना लिहिलं, "धावा, काकू दार उघडत नाहीत!"

कुणीच येईना, तेव्हा ती जिन्यात जाऊन ओरडली.

खालून दिघेसाहेब वैतागले, "थट्टा करता का हो? आत्ताच तर लिहिलंत, काकूंशी गप्पा मारून आले, मजेत आहेत म्हणून!"

त्यांनी दार लावून घेतलं.

उल्कानं फोन पाहिला. तिच्या नावाखाली खरंच तसं लिहिलेलं होतं. त्याला पहिला अंगठा काकूंचा होता.