रोडपलीकडचा फोन

नेट सारखं अडखळत होतं म्हणून भास्कररावांनी केबलवाल्या नितेशला बोलावलं. त्यानं मोबाइलवर राउटरला जोडलेल्या फोनची यादी उघडली आणि हसला.

"काका, कोणीतरी तुमचं वाय-फाय चोरून राह्यलं. दर बाजाराच्या दिवशी, दहा-पंधरा मिनिटं. सिग्नल एकदम कमजोर दाखवते, म्हणजे रोडच्या पलीकडं उभं राहून. फोनचं नाव 'प्रांजली'. ब्लॉक करून देऊ?"

भास्कररावांनी त्याच्या हातातला मोबाइल ओढून ते नाव पुन्हा वाचलं. प्रांजली त्यांची एकुलती लेक. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा "या घराची पायरी चढू नको" असं तेच ओरडले होते. तेव्हापासून तिचा नंबर बंद. आष्टीपासून वर्ध्यापर्यंत तिच्या एकेका मैत्रिणीपुढे त्यांनी हात जोडले, पण कोणीच पत्ता सांगितला नाही.

"काका, ब्लॉक करू, का पासवर्डच बदलवू?"

"नाई रे बाबू, पासवर्डले हात नोको लावू!" त्यांनी नितेशचं मनगट घट्ट धरलं.



"रेंज तेवढी कमी करून दे. फाटकाच्या आत आल्याशिवाय नेट लागलं नाई पाहिजे."