तिसऱ्या वळणावरची रेघ

“काका, उठा. तपासणीवाले आलेत,” रखवालदारानं हाक मारली.

दौलतराव तिसऱ्या वळणावर पालथे पडून होते. रेसच्या जुन्या ट्रॅकवर अपघातांचे डाग वर्षानुवर्षं राहायचे. हे नवं डांबर मात्र ऊब लागली की आपले ओरखडे आपणच बुजवायचं. काल इथं अपघातात गेलेल्या त्यांच्या समरजितनं ब्रेक दाबलाच नाही, असं ट्रॅकचे मालक म्हणत होते. फोटोंवर आता कुणी विश्वास ठेवत नसे. उरली होती फक्त टायरची पुरुषभर लांब रेघ. तिला ऊन लागू नये म्हणून बाप पहाटेपासून तिच्यावर पडून होता.

आभाळ भरलेलं होतं. ऊन पडलंच नव्हतं.

“ब्रेक लावला होता माझ्या पोरानं. बघा!” म्हणत ते उठले.

खाली डांबर गुळगुळीत होतं, आणि त्यांच्या छातीइतकंच कोमट.