आप्पांची निलगिरी

दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला श्रीनिवासची आई बालाजी घाटावर जाऊन गंगेत एक दिवा सोडून यायची. श्रीनिवासच्या आधीची मुलगी सहा दिवसांची होऊन गेली आणि आप्पांनी तिला तिथेच पाण्यात सोडलं, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. आप्पा मात्र कधी आईबरोबर जात नसत. ते मागच्या बागेत निलगिरीपाशी बसून राहत. त्या झाडाला ते कुणाला खिळा ठोकू देत नसत की कपड्यांची दोरी बांधू देत नसत. वारा नसताना पानं सळसळली, की भरल्या ताटावरून उठत आणि "आलो गं" म्हणत बाहेर जात. श्रीनिवासला त्याची फार भीती वाटे.

आप्पा गेले, त्या वर्षीच्या पौर्णिमेला आई दिवा घेऊन घाटाकडे न जाता बागेत आली आणि निलगिरीच्या बुंध्याशी बसली.

"आई, घाटावर नाही चलायचं?"

"ती तिथे नव्हतीच रे कधी. तुझ्या आप्पांच्यानं तिला पाण्यात सोडवलं नाही. इथे पुरलं, आणि कुत्र्यांना वास लागू नये म्हणून वर ही उग्र वासाची निलगिरी लावली. मी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. त्यांना कधी कळू दिलं नाही."

"मग इतकी वर्षं घाटावर कशाला जायचीस?"

आईनं पदराचा आडोसा करून वात पेटवली.

"वर्षातून एकदा बाप-लेकीला घटकाभर एकांत नको द्यायला?"