खिळ्यांचा पट्टा

उसात बिबट्यांशी लढाई पेटल्यावर महाळुंग्याच्या लोकांनी तहासाठी देवरामला पाठवलं, कारण बिबट्यांची राणी चांगुणा लहानपणी गावात असताना त्याच्यावर जीव टाकायची. ती बिबट्याचं रूप घेते हे कळल्यावर गावाने तिला दगड मारून हाकललं, तेव्हा देवराम गर्दीत गप्प उभा होता. आता ती बाईच्या रूपात बांधावर उभी होती. बिबट्या झडप घालून मान धरेल या भीतीने त्याने गळ्यात बांधलेला खिळ्यांचा पट्टा बघून ती हसली. “तू मला अजूनबी लई आवडतीस,” तो म्हणाला. “लढाई थांबव, आपण लग्न करू.” “मंग पट्टा काढ.” त्याचा हात बकलापर्यंत गेला आणि बक्कल न काढताच खाली आला. “ऱ्हाऊ दे. दोन्हीकडची पोरं मरत्यात म्हणून लढाई थांबवती. तुझ्यासाठी न्हाई. तुला तर माझी पिल्लंबी तोंड लावणार न्हाईत.” बिबट्याचं रूप घेऊन, त्याच्याकडे पाठ करून ती सावकाश उसात शिरली.